दिगंबर कामत, मडगाव आणि पक्षांतर : 2005 ला मतदाराला विचारलं, 2022 ला विचारलं नाही

14 सप्टेंबर 2022, बुधवार. पर्वरीला विधानसभेत काँग्रेसच्या विधिमंडळ गटाची बैठक झाली आणि पक्ष भाजपात विलीन करायचा ठराव झाला. ठराव मांडला मायकल लोबो यांनी, ज्यांना काँग्रेसनं जुलैमध्येच विरोधी पक्षनेतेपदावरून काढलं होतं, अनुमोदन दिलं माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी. अकरातले आठ आमदार गेले, म्हणजे हे दोघे आणि दिलायला लोबो, राजेश फळदेसाई, केदार नाईक, संकल्प आमोणकर, आलेक्स सिक्वेरा, रुडॉल्फ फर्नांडिस. मागे राहिले तिघे : युरी आलेमाव, एल्टन डिकॉस्ता, कार्लुस फेरेरा. निवडणुकीचा निकाल 10 मार्चला लागला होता, म्हणजे पाच वर्षांसाठी दिलेलं मत सहा महिन्यांत दुसऱ्या बाजूला जाऊन बसलं.

या आठातल्या एकाच माणसाचं प्रकरण मी इथं सविस्तर मांडतोय, कारण बाकीच्यांवर बोलणारे खूप आहेत आणि कामतांचं प्रकरण नीट बघितलं तर गोव्यात पक्षांतर नक्की कसं चालतं, कायदा कुठं सैल आहे आणि मतदार का गप्प बसतो, हे तिन्ही एकाच माणसाच्या कारकिर्दीत दिसतं. ते गेले याचं मला वाईट वाटलं, राग पण आला, पण रागावर थांबून काही हाती लागत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितोय.

मी फोंड्याचा, पण आजोळ मडगावचं. मामाच्या घरी दिगंबर कामतांना कुणी कधी 'आमदार' म्हटलेलं मी ऐकलं नाही, दिगंबरबाब म्हणायचे. मडगावात त्यांचा लौकिक असाच आहे की लग्न असो, मयत असो, दिंडी असो की फेस्त, माणूस येऊन जातो. हॉस्पिसियोत, म्हणजे मडगावच्या सरकारी हॉस्पिटलात, बेड मिळत नाही, नळाला पाणी नाही, मुलाचा अर्ज कुठल्यातरी खात्यात अडकलाय, की लोक कागद घेऊन त्यांच्याकडं जातात आणि त्या कागदावर कुठला पक्ष लिहिलेला नसतो. गोव्यात मतदारसंघ केवढा तर साधारण तीस हजारांच्या आतबाहेर मतदार, त्यातले पंचवीस टक्के लोक आमदाराला तोंडओळखीनं तरी ओळखतात असं म्हटलं तरी चालेल, महाराष्ट्रात तीन तीन लाखांचे मतदारसंघ असतात तिथं हे समजावून सांगावं लागतं. इथं आमदार हा पक्षाचा प्रतिनिधी नंतर, आधी घरातला कर्ता माणूस. पक्षांतर करणाऱ्याला शिव्या घालताना ही गोष्ट सोडून दिली तर अर्धंच चित्र दिसतं.

आता कारकीर्द. कामतांचा जन्म 1954 चा. 1994 ला ते मडगावातून पहिल्यांदा निवडून आले ते भाजपच्या तिकिटावर. तेव्हा गोव्यात भाजपचे फक्त चार आमदार निवडून आले होते, पणजीत मनोहर पर्रीकर, मडकईत श्रीपाद नाईक, वाळपईत नरहरी हळदणकर आणि मडगावात कामत. मगोपशी, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाशी, युती होती त्या वेळी. म्हणजे आज ज्या पक्षात ते आहेत त्या पक्षाचा गोव्यातला पाया घालणाऱ्या पहिल्या चारातले ते एक, आणि हे अनेक तरुण पोरांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं की कामत म्हणजे जन्माचे काँग्रेसवाले. 1999 ला परत निवडून आले, 2002 ला परत. पर्रीकर ऑक्टोबर 2000 मध्ये पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले आणि कामत त्यांच्या मंत्रिमंडळात होते.

तो काळही काही पक्षनिष्ठेचा नव्हता. 1990 ला चर्चिल आलेमाव जेमतेम अठरा-एकोणीस दिवस मुख्यमंत्री होते, त्यानंतर लुईस प्रोतो बार्बोझा आले. 1998 ला विल्फ्रेड डिसोझा काँग्रेसमधून फुटून मुख्यमंत्री झाले, 1999 ला फ्रान्सिस सार्दिन काँग्रेसमधून फुटले आणि भाजपच्या पाठिंब्यावर मुख्यमंत्री झाले, मग भाजपनंच त्यांचा पाठिंबा काढला. हे सगळं करणं तेव्हा सोपं होतं कारण 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यात, म्हणजे घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, एक तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' मानून माफ होती. बारा आमदारांच्या पक्षातून चार निघाले की झालं. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीनं ही एक तृतीयांशची सोय काढून टाकली. त्याच दुरुस्तीनं मंत्र्यांच्या संख्येवरही मर्यादा आणली, सभागृहाच्या 15 टक्के, पण लहान राज्यात कमीत कमी 12. गोव्याची विधानसभा 40 ची, त्यामुळं इथं 12 मंत्री, मुख्यमंत्री धरून. हा 12 चा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

2005 चं प्रकरण याच बदललेल्या कायद्याखाली झालं, आणि माझ्या मते या सगळ्या लेखाचा कणा तोच आहे. त्या वर्षी जानेवारीअखेर भाजपचे काही आमदार राजीनामे देऊन बाहेर पडले, पर्रीकरांचं सरकार डळमळलं, फेब्रुवारीत राज्यपाल एस. सी. जमीर यांनी ते बरखास्त केलं, प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले, मार्चमध्ये राष्ट्रपती राजवट आली आणि जूनमध्ये पोटनिवडणुका झाल्या. कामतही भाजप सोडून काँग्रेसमध्ये गेले. पण एक तृतीयांशची वाट बंद झाली होती, त्यामुळं आमदारकीचा राजीनामा द्यावा लागला आणि काँग्रेसचं तिकीट घेऊन मडगावकरांसमोर परत उभं राहावं लागलं. मडगावनं त्यांना परत निवडून दिलं.

भाजपवाले तेव्हा संतापले होते, आणि ते बरोबरच होतं, सरकार पाडलं त्यांचं. पण मतदाराच्या बाजूनं बघितलं तर त्यात एक गोष्ट सरळ होती. कामतांनी पक्ष बदलला आणि मतदाराला विचारलं, हा माझा निर्णय तुम्हाला मान्य आहे का. मतदारानं हो म्हटलं. ज्याला नको होतं त्याला 'नाही' म्हणायची संधी मिळाली, मतपेटीतून मिळाली. पक्षांतर आवडो न आवडो, त्या निवडणुकीनंतर ते मडगावच्या संमतीनं काँग्रेसमध्ये होते, यावर कुणाला बोट ठेवता आलं नाही.

2007 ला काँग्रेसला 16 जागा मिळाल्या, राष्ट्रवादीचे 3 बरोबर होते. मुख्यमंत्री कोण यावर राणे आणि रवी नाईक यांच्यात ओढाताण होती, त्यातून तडजोडीचं नाव म्हणून कामत पुढं आले, 8 जूनला शपथ झाली. दोन वर्षांपूर्वी पक्षात आलेला माणूस थेट मुख्यमंत्री. जुलैमध्येच सरकार पडता पडता वाचलं, तेव्हा कुणी पैज लावली असती की हा माणूस पाच वर्षं काढेल तर लोक हसले असते. पण काढली. मार्च 2012 पर्यंत तेच मुख्यमंत्री राहिले, आणि गोव्यात दर दीड-दोन वर्षांनी मुख्यमंत्री बदलायची जी सवय लागली होती ती त्यांच्या काळात थांबली. हे मान्य करायला हवं. 2007 च्या डिसेंबरअखेर लोकांच्या आंदोलनापुढं सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रं, रद्द करायचा निर्णय त्यांनी जाहीर केला, तोही मान्य करायला हवा, कारण लोकांनी रस्त्यावर येऊन मागितलेलं सरकारनं दिलं असं वारंवार होत नाही. कोसंबी विचार महोत्सव 2008 ला सुरू झाला तो त्यांच्याच काळात.

आणि खाणी. इथं मात्र गुळमुळीत लिहिता येणार नाही. मुख्यमंत्री असताना खाण खातंही त्यांच्याकडंच होतं. चीनला लोखंडाचं खनिज जात होतं, भाव चढलेला, सावर्डे, कुडचडे, डिचोली, सत्तरी या पट्ट्यात रस्त्यावर ट्रकांची रांग, लाल धूळ घराघरात, शेतांत गाळ. ऑक्टोबर 2011 ला पर्रीकर अध्यक्ष असलेल्या लोकलेखा समितीनं बेकायदा खाणकामावर अहवाल केला आणि भाजपनं 2012 ची निवडणूक बऱ्याच अंशी त्याच मुद्द्यावर लढवली, 21 जागा घेतल्या, काँग्रेस 9 वर आली. मग सप्टेंबर 2012 मध्ये न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा अहवाल संसदेत ठेवला गेला, त्यात गोव्याचं नुकसान सुमारे 35,000 कोटी रुपयांच्या घरात धरलं होतं आणि खात्याच्या कारभारावर ठपका होता. राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टानंही थांबवल्या. पुढं चौकशा झाल्या, एसआयटी झाली. 2015 ला लुई बर्जर प्रकरण आलं. अमेरिकेतल्या या कंपनीनं भारतासह काही देशांत लाच दिल्याचं तिकडं कबूल केलं, त्यात गोव्याचा जपानी कर्जावरचा पाणीपुरवठा-मलनिस्सारण प्रकल्प होता. चर्चिल आलेमाव यांना अटक झाली, कामतांना अटकपूर्व जामीन मिळाला. कामतांनी आरोप नाकारले आणि कोर्टात त्यांच्यावर दोष सिद्ध झालेला नाही. मी तेवढंच लिहितो, त्याच्या पुढं जाऊन कुणाला चोर म्हणायचा अधिकार मला नाही.

पण एक प्रश्न विचारायचा अधिकार नक्की आहे, आणि तो भाजपला आहे. 2011-12 ला ज्या माणसाच्या खाण खात्यावर तुम्ही अख्खी निवडणूक उभी केलीत, 2015 ला ज्याच्यामागं क्राइम ब्रँच तुमच्याच सरकारात होती, त्याला 2022 ला पक्षात घेताना ते आरोप खरे होते की खोटे याचं उत्तर द्यायला नको? खरे होते तर घेतलं कसं, खोटे होते तर तेव्हा लोकांची मतं कशावर मागितलीत? खाणपट्ट्यात ज्यांचे ट्रक उभे राहिले, हप्ते थकले, ज्यांच्या घरात रोजचं काम गेलं, त्यांना याचं उत्तर कुणीच दिलेलं नाही.

मडगावनं मात्र 2012 लाही कामतांना निवडून दिलं. काँग्रेसचं पानिपत झालं तरी दिलं. 2017 लाही दिलं.

2017 पासूनची गोष्ट सगळ्यांना थोडी थोडी आठवते, पण ओळीनं लावली की चक्कर येते. काँग्रेस 17, भाजप 13, तरी सरकार पर्रीकरांचं झालं, कारण गोवा फॉरवर्डचे 3, मगोपचे 3 आणि अपक्ष तिकडं गेले. विश्वजीत राणे लगेच राजीनामा देऊन भाजपात गेले. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये सुभाष शिरोडकर आणि दयानंद सोपटे गेले, तेही राजीनामा देऊन. पर्रीकर 17 मार्च 2019 ला वारले, 18 ची मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे 19 ला, प्रमोद सावंतांचा शपथविधी झाला, आणि दहा दिवस होतात न होतात तोच एका रात्रीत मगोपच्या तिघांतले दोघं, बाबू आजगावकर आणि दीपक पाऊसकर, भाजपात विलीन झाले. सुदिन ढवळीकर उपमुख्यमंत्री होते, त्यांना काढलं. मग 10 जुलैला काँग्रेसच्या पंधरातले दहा आमदार विरोधी पक्षनेते बाबू कवळेकर यांच्यासह भाजपात गेले, त्यात बाबूश मोन्सेरात होते जे दोनच महिन्यांपूर्वी पर्रीकरांच्या पणजीत काँग्रेसच्या तिकिटावर भाजपला हरवून आले होते.

हे दहा गेले तेव्हा जे पाच मागे राहिले त्यात कामत होते. बाकीचे प्रतापसिंह राणे, रवी नाईक, लुईझिन फालेरो, आलेक्स रेजिनाल्ड. कामत विरोधी पक्षनेते झाले. अडीच वर्षं ते सभागृहात उभे राहून पक्षांतराच्या विरोधात बोलले, मतदाराच्या विश्वासघाताबद्दल बोलले, आणि चांगलं बोलले. त्यांचा अनुभव मोठा, खात्यांची माहिती तोंडपाठ, आवाज कधी चढत नाही पण मुद्दा सुटत नाही. त्या काळात माझ्यासारख्या अनेकांना त्यांच्याबद्दल आदर वाटायला लागला होता, जुनं सगळं माहीत असूनही. 2021 अखेरपर्यंत फालेरो तृणमूलमध्ये गेले, रवी नाईक भाजपात गेले, रेजिनाल्डही तृणमूलमध्ये गेले आणि जानेवारी 2022 मध्ये तिथूनही बाहेर पडले. 17 मधले राहिले दोन, राणे आणि कामत. राणेंनी 2022 ची निवडणूक लढवली नाही. म्हणजे 2017 च्या सतरा जणांतले काँग्रेसच्या चिन्हावर परत उभे राहिलेले एकटे कामत. या गोष्टीचं मोल मडगावातल्या मतदारानं ओळखलं होतं.

22 जानेवारी 2022 ला काँग्रेसनं आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या खुरसाकडं (क्रॉसकडं) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथ घ्यायला लावली की निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही. 4 फेब्रुवारीला राहुल गांधींसमोर प्रतिज्ञापत्रंही झाली. बाहेरच्या लोकांना हे नाटक वाटलं असेल, पण गोव्यात देवळात, खुरसाकडं आणि दर्ग्यात घेतलेल्या शपथेला वजन असतं, लोक अजून देवाला कौल लावतात, सांगणं करतात, आंगवण बोलतात, आणि ती फेडतात. त्या शपथेवर मत देणारी माणसं होती. माझी मामी त्यातली एक, ती काँग्रेसची नाही की भाजपची नाही, ती म्हणाली की महालक्ष्मीसमोर बोललेत ना, मग झालं.

मडगावात भाजपनं त्यांच्यासमोर उभं कुणाला केलं तर बाबू आजगावकर यांना, तेच जे मगोपमधून रातोरात भाजपात आलेले आणि उपमुख्यमंत्री झालेले, पेडण्याहून थेट मडगावात. त्यामुळं ती निवडणूक मडगावकरांसाठी सरळ होती : एका बाजूला पक्षांतर करून बाहेरून आलेला उमेदवार, दुसऱ्या बाजूला आपला माणूस जो तिथंच राहिला. कामत सहज जिंकले, पोटनिवडणूक धरून आठव्यांदा. राज्यात मात्र भाजप 20, काँग्रेस 11, मगोपचे 2 आणि 3 अपक्ष सावंतांबरोबर. काँग्रेस परत विरोधात, आणि विरोधी पक्षनेतेपद मिळालं लोबोंना, जे निवडणुकीच्या तोंडावर भाजपमधून आले होते. जो अडीच वर्षं ती खुर्ची सांभाळत होता त्याला बाजूला केलं. कामत नाराज आहेत हे मडगावात तेव्हाच बोललं जायचं. ही काँग्रेसची चूक होती असं माझं मत आहे, पण नाराज असणं वेगळं आणि शपथ मोडणं वेगळं.

10 जुलै 2022 ला पहिला स्फोट झाला. काँग्रेसनं स्वतःच पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की लोबो आणि कामत भाजपशी मिळून पक्ष फोडतायत, लोबोंना पदावरून काढलं, दोघांच्या अपात्रतेसाठी सभापतींकडं याचिका केली. त्या वेळी आकडा जुळला नाही. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे 7.33, आमदार काही तुकड्यात मोजता येत नाही, त्यामुळं आठ लागतात, सात असून उपयोग नाही. दोन महिन्यांनी आठ झाले. पैशांचे आकडे तेव्हा खूप फिरले, भाजपनं नाकारले, पुरावा कुणी समोर ठेवला नाही, त्यामुळं मी त्यात शिरत नाही. पत्रकारांनी कामतांना शपथेचं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की मी देवळात गेलो, देवाला विचारलं, देवानं सांगितलं की तुला जे योग्य वाटतं ते कर.

हे उत्तर ज्या दिवशी टीव्हीवर आलं त्या दिवशी मी योगायोगानं मामाकडं होतो. मामा रिटायर्ड माणूस, 1994 पासून प्रत्येक वेळी मत कामतांना, कमळ असो की हात. ते रागावून ओरडले वगैरे नाहीत. चष्मा काढला, टीव्हीचा आवाज बंद केला आणि म्हणाले, "देवाक विचारलें, बरें केलें. पूण मत हांवें दिल्लें, मागीर म्हाका कित्याक विचारूंक ना?" म्हणजे मत मी दिलं, मग मला का विचारलं नाही. मग थोड्या वेळानं 2005 ची आठवण काढली, तेव्हा दारात आला होता, हात जोडून म्हणाला होता की पक्ष बदललाय, तुमचा आशीर्वाद पाहिजे. दिला आम्ही. आता पण दिला असता कदाचित, पण विचारायला तर पाहिजे होतं.

मला वाटतं सगळं प्रकरण या दोन वाक्यांत आहे, आणि याचं कारण कामतांच्या स्वभावात जेवढं आहे त्याहून जास्त कायद्यात आहे. 2005 ला एक तृतीयांशची वाट बंद होती आणि दोन तृतीयांश माणसं बरोबर नव्हती, म्हणून राजीनामा द्यावाच लागला. 2022 ला दोन तृतीयांश जुळले, म्हणून राजीनाम्याची गरजच उरली नाही. माणूस तोच, मतदारसंघ तोच, पहिल्या वेळी कायद्यानं दारात जायला लावलं, दुसऱ्या वेळी कायद्यानं सुट्टी दिली. दहाव्या परिशिष्टाचा चौथा परिच्छेद म्हणतो की मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला आणि विधिमंडळ गटातल्या दोन तृतीयांश सदस्यांनी ते मान्य केलं तर अपात्रता नाही. साध्या माणसाला वाचून काय वाटेल? की आधी पक्ष विलीन व्हायला पाहिजे. अखिल भारतीय काँग्रेस काही 2019 ला किंवा 2022 ला भाजपात विलीन झालेली नाही. पण 2019 च्या बारा जणांच्या, म्हणजे काँग्रेसच्या दहा आणि मगोपच्या दोघांच्या, अपात्रतेच्या याचिका सभापती राजेश पाटणेकर यांनी एप्रिल 2021 मध्ये फेटाळल्या, आणि मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठानं तो निर्णय कायम ठेवला तो फेब्रुवारी 2022 मध्ये, मतदान होऊन गेल्यावर आणि निकाल लागायच्या आधी. दोन तृतीयांश आमदारांनी मान्य केलं की विलीनीकरण झालंच असं समजायचं, हा त्याचा अर्थ. म्हणजे सप्टेंबरच्या आठ जणांसमोर वाट अगदी झाडून पुसून ठेवलेली होती. पुढं त्या आठांविरुद्धची याचिकाही सभापती रमेश तवडकर यांनी फेटाळली.

मोठ्या राज्यात हा कायदा थोडा तरी अडवतो. शंभर आमदारांचा पक्ष असेल तर सदुसष्ट जमवावे लागतात, त्यात कुणीतरी बातमी फोडतो, कुणाचा तरी जीव होत नाही. गोव्यात तीनातले दोन, पंधरातले दहा, अकरातले आठ. एका जेवणाच्या टेबलाभोवती बसतील एवढी माणसं. जितका पक्ष लहान तितकी फूट स्वस्त, आणि गोव्यात सगळेच पक्ष लहान. त्यात मंत्रिपदं 12. चाळीसातले बारा मंत्री म्हणजे सत्तेतल्या प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या माणसाला मंत्री व्हायची आशा असते आणि विरोधात बसलेल्याला वाटतं की आपण फक्त उद्घाटनाच्या पत्रिकेतून नाव गाळून घ्यायला निवडून आलो. 2019 ला दहा जणांना सामावण्यासाठी गोवा फॉरवर्डचे तिघं आणि अपक्ष रोहन खंवटे यांना मंत्रिमंडळातून काढलं, ज्यांच्या जिवावर 2017 चं सरकार उभं राहिलं होतं त्यांनाच.

कामतांना मंत्रिपद लगेच मिळालं नाही. आठातल्या आलेक्स सिक्वेरांना नोव्हेंबर 2023 मध्ये मिळालं, नीलेश काब्राल यांना बाजूला करून. 2024 ला दक्षिण गोव्यात भाजपनं पल्लवी धेंपे यांना उभं केलं, कामत, सिक्वेरा सगळे बरोबर असताना जागा काँग्रेसच्या कॅप्टन विरियातो फर्नांडिस यांनी 13,535 मतांनी घेतली. आमदार गेले म्हणून मतं गेली नाहीत, एवढं त्यातून निदान दिसलं. जून 2025 ला गोविंद गावडे यांना काढलं, ऑगस्टमध्ये सिक्वेरांनी तब्येतीच्या कारणानं राजीनामा दिला, आणि 21 ऑगस्ट 2025 ला कामत मंत्री झाले. त्यांच्याबरोबर त्याच दिवशी शपथ घेतली रमेश तवडकर यांनी, ज्यांनी सभापती म्हणून ती याचिका फेटाळली होती. यात बेकायदा काही नाही, पण सभापती जर सत्ताधारी पक्षाचाच आमदार आणि उद्याचा मंत्री असणार असेल तर अपात्रतेचा निवाडा त्याच्याकडं का ठेवायचा, हा प्रश्न त्या दिवशी कुणालाही पडावा. निवडणूक आयोगाकडं द्या, स्वतंत्र ट्रिब्युनलकडं द्या, आणि तारीख ठरवून द्या, दोन-दोन वर्षं याचिका पडून राहिली तर निकाल लागेपर्यंत विधानसभेची मुदत संपत येते, 2019 च्या बाबतीत अगदी तेच झालं.

मडगावातले काही लोक मला म्हणतात, अरे आता मंत्री झालाय, रस्ते होतील, बसस्टँड होईल, सोनसोड्याच्या कचऱ्याचं काहीतरी होईल, तू कशाला जुनं उगाळतोस. ते बोलणं मी हलकं मानत नाही. ज्याच्या घरासमोर सांडपाणी वाहतं त्याला दहावं परिशिष्ट ऐकवून काय उपयोग. विरोधी आमदाराच्या मतदारसंघातली कामं अडवून ठेवायची ही पद्धत सत्तेतल्या प्रत्येक पक्षानं वापरली आहे आणि आमदारांना ढकलत नेणारं सगळ्यात मोठं कारण तेच आहे असं मला वाटतं, पैशांच्या गोष्टींपेक्षाही. विरोधातल्या आमदाराच्या भागातलं पाणी, कचरा, हॉस्पिटल सत्तेच्या मर्जीवर नसतं तर निम्मी विलीनीकरणं झाली नसती.

पण यावर उपाय विलीनीकरण नाही. ज्याला पक्ष सोडायचाय त्यानं खुशाल सोडावा, कारणही सांगू नये वाटलं तर, फक्त आमदारकीचा राजीनामा देऊन परत मत मागावं, मग ते एकटे असोत की दोन तृतीयांश असोत. चौथा परिच्छेद काढून टाका, जसा 2003 ला तिसरा काढला तसा. कामतांना याची भीती वाटायचं काहीच कारण नव्हतं, 2005 ला मडगावनं त्यांना तोंडावर पाडलं नाही, 2022 लाही बहुतेक निवडूनच दिलं असतं. म्हणूनच ते न विचारता गेले याची बोचणी मामासारख्या माणसांना जास्त आहे, ज्यांनी तीस वर्षं चिन्ह बघितलं नाही त्यांना.

आता विचारायची पुढची वेळ 2027 च्या सुरुवातीला, विधानसभेची मुदत संपेल तेव्हा. मामांनी मत कुणाला द्यायचं ते अजून ठरवलेलं नाही. दिगंबरबाब दारात आले तर त्यांना आत बोलवायचं, चहा द्यायचा आणि आधी सप्टेंबर 2022 चं उत्तर मागायचं, एवढं मात्र त्यांनी ठरवून ठेवलंय.